पूर्वपक्षाची कीर्ती

ज्या वाक्यामुळे परदेशातल्या काही अभ्यासकांना माझं नाव माहीत आहे, ते माझं मत नाही. मी ते लिहिलं, हे खरं. माझ्या लेखात, माझ्या नावाखाली ते छापून आलं, हेही खरं. पण मी ते खोडून काढायला लिहिलं होतं, आणि पुढची पानंच्या पानं खर्ची घालून व्यवस्थित खोडलंही होतं. ती पुढची पानं बहुतेकांनी वाचली नाहीत. या एका गोष्टीनं मला जेवढं अस्वस्थ ठेवलं, तेवढं ना संसारानं ठेवलं ना कॉलेजातल्या राजकारणानं.

परवा आमच्या जुन्या कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक घरी आला. हातातला मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, तुमच्या लेखाचा अजून संदर्भ देतात लोक. हे बघा, केवढी यादी आहे! अभिनंदन." मी चष्मा लावला, यादी पाहिली आणि विचारलं, "कोणतं वाक्य घेतलंय?" त्यानं वाचून दाखवलं. तेच. मी उठून आत गेले आणि धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुतल्या. तो बिचारा बाहेर पंख्याखाली बसून राहिला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. संपादकांनी या अंकासाठी "पेशातले अनुभव लिहा" म्हटलं होतं, मी टाळत होते. त्या कपबश्यांनंतर लिहायला बसले.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. माझा खास विषय आंतरराष्ट्रीय संबंध. सत्तरच्या दशकात सोलापुरात हा विषय घेऊन बसणं म्हणजे लोकांच्या दृष्टीनं जरा वेडेपणाच होता. राजधानीपासून लांब, वकिलाती नाहीत, परदेशी पाहुणे नाहीत. गिरण्यांचे भोंगे आणि मागांचा खडखडाट, एवढंच गावाचं बोलणं. आमच्या गल्लीत चादरींचा एक कारखानदार राहायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्याचा थोडा माल आखाती देशांत जायचा. एकदा सकाळी दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, एकच सांगा. तिकडं लढाई होणार का? माल पाठवू का ठेवू?"

मी त्याला बसवलं आणि समजावलं, की आमच्या शास्त्रात लढाई का झाली ते सांगता येतं, होणार का ते सांगता येत नाही.

"म्हणजे झाल्यावर सांगणार?"

"हो."

"मग पंचांगवाला बरा की. तो चुकतो, पण आधी सांगतो तरी!"

हसत हसत गेला. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही, कारण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

बाहेरच्यांना आमचं काम काय ते थोडं सांगते. दोन देश भांडतात, करार करतात, रुसतात, त्यामागं काही रीत असते का, ती शोधायची. त्यासाठी कागद लागतात. सोलापुरात कागद येत नसत. मुंबईची वर्तमानपत्रं गाडीनं यायची, परदेशी नियतकालिकं तर बोटीनं यायची आणि तीसुद्धा पुण्यापर्यंतच. सुट्टी लागली की मी पुण्याला जाऊन ग्रंथालयात बसायचे आणि हातानं उतरवून घ्यायचे. बोटाला घट्टा पडायचा. उरलेलं रेडिओवर. लघुलहरींवर कुठलं कुठलं केंद्र लावून, खरखरीत कान घालून मी टिपणं काढायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, हिला गाण्यांचा भारी नाद.

आणि तळटीप. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात अमक्याच्या तमक्या लेखातून हे घेतलं, असं लिहितात, ती. बाहेरच्याला ती कचरा वाटते. आमचा जीव त्यात अडकलेला असतो. लग्नपत्रिका हातात आली की चुलते-मामे आधी आपलं नाव कुठं छापलंय ते शोधतात, मग नवरानवरीचं वाचतात. अभ्यासक नवं पुस्तक हातात घेतात तेव्हा तेच करतात. शेवटची नामसूची आधी उघडतात. कुणी कबूल करत नाही, पण सगळे करतात. आपलं नाव दुसऱ्याच्या तळटिपेत आलं म्हणजे आपण या जगात आहोत, एवढा त्याचा अर्थ.

आता माझा लेख. विषय होता, समुद्रकिनारा नसलेले देश. चहूबाजूंनी जमीन, माल बाहेर काढायचा तर शेजाऱ्याच्या देशातून जायचं. असा देश शेजाऱ्याशी बोलणी कशी करतो? हा विषय मला कुठल्या ग्रंथात सापडला नाही. तो वळसंगला सापडला. आमचं मूळ घराणं तिथलं. वडील शिकले आणि सोलापुरात शाळेत संस्कृत शिकवू लागले, थोरले चुलते गावी शेती करत राहिले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या रानाला स्वतःची वाट नव्हती. पुढं मल्लप्पाचं रान, त्याच्या बांधावरून आबांची बैलगाडी जायची. आज्याच्या वेळेपासून जायची. मल्लप्पा म्हणायचा, ही मेहेरबानी आहे, तसं लिहून द्या. आबा हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. "बगू की," एवढंच म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायचे. लहानपणी मला ते भित्रे वाटायचे. मोठी होऊन करारांची टिपणं वाचायला लागले तेव्हा कळलं, की वाट नसलेले देशही थेट आबांसारखेच वागतात.

लेख लिहिला तो वडिलांनी शिकवलेल्या पद्धतीनं. त्यांचा दंडक असा: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याची बाजू आधी मांडायची. तीही अशी, की त्यानं स्वतः उठून म्हणावं, मलाही इतकं नीट जमलं नसतं. "काही लोक म्हणतात", "असा एक गैरसमज आहे" असल्या वाटेवरच्या पाट्या लावायच्या नाहीत. तो दुबळेपणा. लहानपणी जेवताना ते आम्हा भावंडांना वादाला बसवायचे. जो समोरच्याची टिंगल करून त्याची बाजू मांडेल, तो बाद.

तर मी पूर्वपक्ष मांडला. वाट नसलेल्या देशाला मोठ्या शेजाऱ्यापुढं वाकावंच लागतं, तो बोलत नाही कारण त्याला बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि म्हणून, मूळ इंग्रजीतलं मराठीत सांगते, "ज्याची वाट दुसऱ्याच्या हातात, त्याचं गप्प बसणं म्हणजे कबुली." वाक्य घोटून घोटून केलं होतं. वडिलांनी हस्तलिखित वाचलं आणि म्हणाले, "शालू, मला पटायलाच लागलं होतं." मी हवेत होते.

नंतर उत्तरपक्ष. त्यातला मुद्दा साधा होता. गप्प बसणं ही जर कबुली असती, तर मोठ्या देशांनी छोट्यांच्या सहीमागं इतकं धावावं कशाला? ज्या अर्थी धावतात, त्या अर्थी त्यांनाही ठाऊक असतं की हे मौन कबुली नाही. ज्याच्याकडं वाट नाही, त्याच्याकडं वेळ असतो. तो वापर चालू ठेवतो, सही लांबवतो, आणि वर्षानुवर्षांच्या वापराचाच हळूहळू हक्क होतो. हे मी एकेक करार समोर ठेवून दाखवलं होतं. ते काम होतं. पहिलं नुसतं मांडणं होतं.

लेख इथल्याच एका नियतकालिकात आला. नंतर बराच काळ काहीच झालं नाही. आमच्या पेशात हे नेहमीचं आहे, विहिरीत दगड टाकायचा आणि आवाजाची वाट बघत म्हातारं व्हायचं. मग एक दिवस आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल काझीसाहेब चालू तासाला वर्गाच्या दारात आले. वर्गात पाऊल न टाकणारा माणूस. हातात पुण्याहून मागवलेलं एक जाडजूड पुस्तक.

"बाई, मुबारक हो! परदेस की किताब में तुमारा नाम छपा है. वो भी बीच में, बडे अक्षर में!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काझीसाहेबांनी शिपायाला पेढ्यांना पिटाळलं. मी पुस्तक घेतलं. नाव होतं. खरंच होतं. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं. त्याच्या आधी ते वाक्य होतं, अवतरणात. आणि त्याच्याही आधी लिहिलं होतं: या भारतीय विदुषीनं निर्णायकपणे सिद्ध केल्याप्रमाणे.

पेढा तोंडात होता, तो गिळवेना. काझीसाहेब माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "साहेब, हे माझं मत नाही." ते म्हणाले, "नाम तो तुमाराच है ना?"

त्या परदेशी विद्वानांना मी पत्र टाकलं. उत्तर आलं, मोठं सभ्य. त्यांच्याकडं लेखाचं प्रतिपादन सुरुवातीलाच मांडण्याची पद्धत आहे, त्यामुळं पहिला भाग हेच तुमचं प्रतिपादन असं मी धरलं, पुढचा भाग तपशिलाचा असेल असं वाटलं, क्षमस्व. वडिलांना पत्र दाखवलं. ते चक्क खूश झाले. "पूर्वपक्ष उत्तम साधला याचं याहून मोठं प्रमाणपत्र नाही," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वडिलांचा राग आला.

त्यानंतर दुसऱ्या एका पुस्तकात ते वाक्य आलं. मग तिसऱ्या. शब्दसुद्धा तेच, "निर्णायकपणे सिद्ध केल्याप्रमाणे". म्हणजे यांनी माझा लेख उघडलाच नव्हता, एकमेकांच्या तळटिपा उचलल्या होत्या. नाव वाढत होतं आणि मी आतून उकडत होते. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे. मुलं विचारायची, "मॅडम, बरं नाही का?" काय सांगणार?

आमच्या प्राचार्यांना मात्र आनंद आवरेना. त्यांनी गावातल्या एका दैनिकाला बातमी दिली. "सोलापूरच्या प्राध्यापिकेची परदेशात दखल." माझा लग्नाआधीचा फोटो, आणि फोटोखाली चौकटीत ते वाक्य, ठळक टायपात. मी संपादकांकडं गेले. ते म्हणाले, "बाई, कौतुकाची बातमी दुरुस्त करायची? लोक काय म्हणतील? यांचं कौतुक चुकून झालं?" आणि चहा मागवला.

ती बातमी वळसंगला पोचली. चार-सहा दिवसांनी आबा दारात उभे. धोतराला धूळ, हातात वर्तमानपत्राची घडी. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"शालू, हे तू लिवलंस व्हय?"

"लिहिलं आबा, पण..."

"मल्लप्पानं बांधावर काट्या टाकल्यात. बाभळीच्या. ज्वारी काढून पडलीय रानात, गाडी जाईना. म्या म्हनलं, आरं बाबा, आज्यापास्नं वाट हाय. तर ह्यो कागद फुडं केला. म्हनतो, तुज्या पुतनीनंच लिवलंय, गप बसला म्हंजी कबूल. तू आजवर गप बसलास की!" त्यांनी हातातली घडी माझ्यापुढं धरली. "सगळ्या गावाफुडं वाचून दावलं गं त्यानं. आमी तोंड खाली घातलं."

ज्या माणसाकडं बघून मी लेख लिहिला, ज्याच्या गप्प बसण्यातली ताकद जगाला सांगायला निघाले, त्याचीच वाट माझ्या वाक्यानं बंद केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच रजा टाकली आणि आबांच्या बरोबर एस. टी. पकडली.

मल्लप्पा बांधावरच भेटला. तो घरात कानडी बोलायचा, आमच्याशी त्याची मराठी. मला अक्का म्हणायचा. काट्यांच्या पलीकडं तो, अलीकडं आम्ही. गडी माणसं जमली.

"या अक्का, या. लई मोठं नाव काढलं. आमालाबी शाणं केलं."

"मल्लप्पा, ते माझं मत नाही."

"छापलंय की."

"छापलंय. पण ते दुसऱ्याचं म्हणणं आहे. ते मी आधी मांडलं आणि नंतर खोडलं."

"कुटं खोडलं? कागदात न्हाई."

"कागदात नाही. लेखात आहे."

"मग सांग की. काय लिवलंस फुडं?"

आणि मी सांगितलं. उन्हात उभं राहून, पदर डोक्यावर घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा मी माझा उत्तरपक्ष पूर्ण मराठीत मांडला. देशांची नावं घेतली नाहीत, गरजच नव्हती. शेवटी विचारलं, "गप्प बसणं म्हणजे कबूल असतं, तर तू इतकी वर्षं आबांच्या मागं सहीसाठी कशाला लागलास? तुलाही ठाऊक होतं ना, की यानं अजून कबूल केलेलं नाही?"

कुणीतरी फसकन हसलं. मल्लप्पानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. तो हटवादी होता, मूर्ख नव्हता.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मग अक्का, हे आदी का न्हाई लिवलंस?"

वडिलांचा दंडक मी त्याला काय सांगणार? त्यानं काठीनं काट्या बाजूला ओढल्या, गाडी जाईल एवढ्याच. "ह्या सुगीपुरतं," म्हणाला. "कबूल न्हाई म्या." आबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बैल जुंपायला गेले.

परत येताना माझा निश्चय झाला होता. आता जिथं ते वाक्य दिसेल तिथं खोडायचं, कुणासमोरही. असले निश्चय एस. टी.त बसल्यावर फार सोपे वाटतात. तो पाळायची वेळ पुढच्याच वर्षी आली.

एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठात माझ्या विषयाच्या प्रपाठकाची जागा निघाली. ही जागा मला किती हवी होती ते सांगते. त्या विभागाला स्वतःचं ग्रंथालय होतं. परदेशी नियतकालिकं विमानानं यायची. संशोधन करणारे विद्यार्थी मिळाले असते, ज्यांच्याशी बोलता आलं असतं. सोलापुरात माझ्या विषयावर बोलायला मला एक माणूस नव्हता. रेडिओच्या खरखरीतून जग ऐकायचा मला कंटाळा आला होता. वयही त्या जागेच्या मर्यादेच्या कडेला आलं होतं. ही गेली की पुन्हा नाही.

निवड समितीचे अध्यक्ष आमच्या विषयातलं मोठं नाव. त्यांच्या ग्रंथाचं एक अख्खं प्रकरण माझ्या त्या वाक्यावर उभं होतं. घरी हे म्हणाले, "ते तुझं कौतुक करतील तेव्हा फक्त हो म्हण. जागा मिळू दे. मग तिथं बसून हवं तेवढं खोड." सल्ला शहाणपणाचा होता. प्रवासभर मी तो घोकत गेले.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडं चौघेजण. अध्यक्ष मधोमध. त्यांच्यासमोर माझा लेख आलेला अंक होता, त्यांचा स्वतःचा, आठवणीनं घरून आणलेला. त्यांनी उठून नमस्कार केला. मला हे अपेक्षित नव्हतं.

"बाई, खरं म्हणजे तुमची मुलाखत घ्यायची गरजच नाही," ते बाकीच्यांना म्हणाले. "या विषयात आपल्या देशातून परदेशात कुणाचा संदर्भ देतात, तर यांचा. ज्याची वाट दुसऱ्याच्या हातात, त्याचं गप्प बसणं म्हणजे कबुली. काय वाक्य आहे! आता आम्हाला एवढंच सांगा, या सिद्धान्ताचं पुढं काय करणार आहात?"

चौघेही प्रसन्नपणे माझ्याकडं बघत होते. नुसतं हसले असते तरी चाललं असतं. डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटं होती, आणि त्याच्याच मागं बांधावर खाली मान घातलेले आबा.

"सर, तो सिद्धान्त माझा नाही," मी म्हटलं. "तो पूर्वपक्ष आहे. मी तो त्याच लेखात खोडला आहे."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही.

"तसं कसं म्हणता? इतक्या लोकांनी..."

"त्यांनी पुढचं वाचलं नाही, सर."

"मी वाचलंय," ते म्हणाले आणि पुरावा म्हणून अंक उघडून माझ्याकडं सरकवला.

त्या काळी आमची ती नियतकालिकं काठ न कापताच बांधून यायची. छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवलेला, वाचणाऱ्यानं सुरीनं पानं मोकळी करून घ्यायची. अशा एका घडीला फर्मा म्हणतात. माझा लेख दोन फर्म्यांत विभागला होता. पहिल्याची पानं मोकळी होती, समासात पेन्सिलीच्या खुणाही होत्या. दुसऱ्याची सगळी पानं वरून जोडलेली होती, छापखान्यातून आली तशी.

टेबलावर टपाल उघडायची लाकडी सुरी होती, ती उचलली. एकेक घडी कापत गेले. कागद जाड होता, कापताना करकर आवाज होत होता आणि टेबलावर कागदाचा भुसा पडत होता. चौघेही बघत राहिले. सगळी पानं मोकळी झाल्यावर मी अंक त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "इथून पुढं माझं आहे."

त्यांनी आधी घड्याळाकडं पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. खरोखर वाचायला लागले. बाकीच्यांनी चहा मागवला, तो आला, निवला. बाहेर पुढचा उमेदवार दारातून डोकावून गेला. अध्यक्ष एकदा मागं गेले, पहिल्या भागातलं काहीतरी ताडून पाहिलं, पुन्हा पुढं आले. सहीमागं धावण्याचा मुद्दा आला तिथं त्यांनी पेन्सिल उचलली आणि खूण न करताच खाली ठेवली. माझ्या लिहिण्याचा तेवढाच एक वाचक मी वाचताना पाहिला. मला त्या क्षणी जागेबिगेचा विसर पडला होता. एवढंच वाटत होतं, की या माणसानं मध्येच थांबू नये.

ते थांबले नाहीत. शेवटपर्यंत गेले. अंक मिटला, त्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पहिल्यापेक्षा हेच बरोबर आहे. पण मग मी माझ्या पुस्तकाचं काय करू?"

ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करा, सर."

"अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे, बाई." मग बऱ्याच मऊपणानं म्हणाले, "आणि तुमचंही सगळं नाव त्यावरच उभं आहे. ते काढलं तर तुमचा म्हणून आम्ही कुठला संदर्भ धरायचा?"

निवड दुसऱ्याची झाली. मी निवृत्त होईपर्यंत सोलापुरातच शिकवलं, आणि मुलांना सांगत आले, आपलं म्हणणं पहिल्या ओळीत लिहा. वडिलांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे लेख मी तसेच लिहिले, आपलं म्हणणं आधी. त्यांचा संदर्भ कुणी फारसा देत नाही.

काही वर्षांनी त्या अध्यक्षांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती आली. काझीसाहेबांनी मुद्दाम मागवली, काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. वर लिहिलं होतं: सुधारित. मी नामसूची उघडली, माझं नाव शोधलं, ते पान काढलं. वाक्य तिथंच होतं, अवतरणात. खाली तळटीप तीच, "निर्णायकपणे सिद्ध केल्याप्रमाणे" तेच. एक कानामात्रा इकडची तिकडं झालेली नव्हती.

बाकीच्या सगळ्यांना मी केव्हाच माफ केलं. त्यांनी माझं पुढचं वाचलं नव्हतं. यांनी ते माझ्यासमोर बसून, चहा निवू देऊन, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं.